खंडवा रोडवरचं परसदार आणि तिथली पाखरं

सिमरोलवाली :

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचक होते. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर चालवून घ्या.

नोकरी संपल्यावर आम्ही इंदूरच्या रामबागेतलं घर मुलाच्या हवाली केलं आणि खंडवा रोडला, सिमरोलच्या पुढे एका गावाच्या कडेला राहायला आलो. अर्धा बिघा जागा, दोन खोल्या, पुढे पडवी. मागे जुना कडुनिंब, उंबर, शेवगा आणि पेरू. कुंपणाला बोर-बाभळी. पलीकडे दुसऱ्यांचं शेत, पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू-हरभरा. ह्यांना भाजीपाला लावायची हौस. मला कसलीच नव्हती, पक्षी बघायची तर मुळीच नाही. इंदुरात पक्षी म्हणजे गॅलरी घाण करणारी कबुतरं आणि पोह्याच्या ठेल्याभोवती फिरणाऱ्या साळुंक्या, एवढीच ओळख.

मला नादी लावलं ते सातभाईंनी. रंग मळकट, आवाज कर्कश, कॅलेंडरवर यांचा फोटो कधी यायचा नाही. पण सकाळी चहा घेऊन पडवीत बसलं की ही टोळी कडुनिंबाखाली हजर. चोचीने पान उलटायचं, खालचा किडा उचलायचा, की पुढचं पान. एक जण मात्र खात नाही. तो फांदीवर उंच बसून पहारा देतो. थोड्या वेळाने दुसरा वर जातो आणि हा खाली येऊन पोट भरतो. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, दिसला की पहारेकऱ्याचा एक चिरका आवाज, आणि सगळे बोरीच्या काट्यात गडप. धोका टळल्यावर बाहेर येऊन इतका कलकलाट करतात, जणू शिक्र्याला यांनीच हाकलला. दुपारी दोघं-तिघं एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसतात आणि एकमेकांच्या मानेची पिसं विंचरतात.

श्रावणात या टोळीत एक वेगळंच पोर दिसायला लागलं. सांभाळणाऱ्यांपेक्षा अंगाने मोठं, छातीवर तपकिरी रेघोट्या, शेपटीवर पट्टे, लांबून शिक्र्याचं पिल्लू वाटावं असं. सातभाई पुढे आणि हे चोच वासून, पंख थरथरवत मागे. ते होतं पावश्याचं पिल्लू. मे महिन्यापासून दिवसरात्र 'पेरते व्हा' करून डोकं उठवणारा पावशा स्वतः घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. चातकाचंही तेच. कोकिळेचं नि कावळ्याचं आपण शाळेत शिकलोच, पण इथे माझ्या डोळ्यांसमोर एवढासा सातभाई अळी घेऊन येत होता, ते धिप्पाड पोर जबडा उघडत होतं, आणि भरवताना ह्याचं अर्धं डोकं त्याच्या चोचीत जात होतं. अळी गिळून झाली की पोराचं रडगाणं पुन्हा सुरू. कुणाकुणाची आठवण झाली ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी बघते. लांब कुठे जात नाही, गाडीला पेट्रोल घालत नाही. तीच आठ-दहा कुटुंबं, तीच झाडं, त्याच वेळा. यादी वाढवण्यात मला रस नाही. आपल्या परसातला कोतवाल कोणत्या तारेवर बसतो, पिंगळ्याची जोडी कडुनिंबाच्या ढोलीतून किती वाजता डोकं बाहेर काढते, तांबट कोणती वाळकी फांदी कोरतोय, हे कळायला लागलं की आपण त्या जागेत खरे राहायला आलो असं मला वाटतं. घराचा दस्त तर त्याच्या आधीच झाला होता.

यात एक भांडणही झालं, तेही सांगते. आमचं इंदूर स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं येतंय, त्यामुळे झाडू आमच्या हाडात भिनलाय. हे सकाळी उठून कडुनिंबाखालचा पाला गोळा करून जाळायचे. मी सांगितलं, झाडाखालचा पाला जिथल्या तिथे राहील. त्या पाल्यात किडे, गोगलगाई, गांडुळं, आणि त्यांच्या जिवावर सातभाई, दयाळ, चीरक, थंडीत शेपटी थरथरवणारा थिरथिरा. पहिल्या पावसाच्या सुमारास एकदा त्याच पाल्यावर नवरंग उतरला. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, आखूड शेपटी, जमिनीवर टुणटुण उड्या. हे पडवीतच होते. पाल्यावरून पुन्हा बोलणं निघालं नाही. पुढचं अंगण मात्र रोज झाडलं जातं, तो तह आहे.

उंबर पिकला की हरियाल येतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी मध्य प्रदेशात, एका मराठी बाईच्या परसात! दिसत मात्र नाहीत. पानांत पानासारखेच. खाली उंबरं टपटपायला लागली की वर बघायचं आणि एकेक पिवळा पाय शोधायचा.

तुमच्याकडे काय काय येतं ते लिहा.

तुकोगंजचा भिया :

वा काकू, वाचून मजा आली. पावश्याचं पोर वाचून आमच्या धाकट्या साल्याची आठवण झाली, मीही जास्त लिहीत नाही.

पण आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी काय करायचं? परस नाही, अंगण नाही. गॅलरी आहे, त्यात वॉशिंग मशीन आहे. आणि सध्या प्रसंग असा की कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला एका छोट्या पाखराने लोंबती पिशवी विणायला घेतलीय. कोळ्याची जाळी, कागदाचे कपटे, सुकी सालं, काहीही चिकटवते. दिसायला वर मातकट, खाली पिवळट, चोच बाकदार. बायको म्हणते हात लावला तर घरटं सोडून जाते. आई म्हणते शुभ आहे. कपडे कुठे वाळवायचे हे कुणी सांगत नाही.

सिमरोलवाली :

@भिया, ती शिंजीराची मादी. नर बघाल तर उन्हात जांभळा-निळा चमकतो, पण घरट्याचं काम तो करत नाही, फार तर जवळ बसून गातो. विणणं आणि अंडी उबवणं तिच्याकडेच. पिल्लं झाली की भरवायला मात्र येतो. घरट्याच्या दारावर एक छोटं छज्जासारखं पुढे आलेलं असतं, ते जरूर बघा.

माणसाच्या वासाने पक्षी घरटं टाकतो हा बराचसा गैरसमज आहे. पण विणकाम चालू असताना सारखी ये-जा झाली, फोटोसाठी कुणी तोंड घातलं, तर ती खरंच निघून जाते. दोरीचं ते टोक सोडा आणि उरलेल्या दोरीवर कपडे लांबूनच घाला. अंडी उबायला दोनेक आठवडे, पिल्लं उडायला साधारण तेवढेच. महिनाभराचा प्रश्न आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अंड्याघरट्याला धक्का लावणं गुन्हा आहे, हे वहिनींना नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगायला उपयोगी पडेल.

गॅलरीत जास्वंद किंवा डाळिंबाची कुंडी ठेवा, नरही यायला लागेल. स्कूटरच्या आरशावर जुना मोजा चढवून ठेवा. विणीच्या दिवसांत नर आरशातल्या स्वतःशी भांडून दमतो.

यादीवाला :

लेख छान, पण 'यादी वाढवण्यात मला रस नाही' हे वाक्य खटकलं. यादीला एवढं तुच्छ लेखू नका, ताई.

तुम्ही रोज जे बघता ते तुमच्या डोक्यात राहतं. तेच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अॅपवर नोंदवलं तर सगळ्यांच्या कामाचं होतं. २०२३ चा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून जास्त हौशी लोकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे, ९४२ जातींचा आढावा त्यात घेतलाय. माळरानातले, गवताळ भागातले पक्षी कसे घटताहेत हे त्यातूनच कळलं. सिरपूर तलावावर आणि यशवंत सागरावर जाणारे पुष्कळ आहेत, तिथल्या नोंदी ढिगाने मिळतात. सोयाबीनच्या शेताला लागून असलेल्या परसातून नोंद करणारा शोधावा लागतो. म्हणजे तुमची नोंद आमच्यापेक्षा मोलाची.

फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते. अमेरिकेत १९९८ ला सुरू झाली, भारत २०१३ पासून आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटं बसायचं, दिसतील ते पक्षी मोजून टाकायचे. तुम्ही तशाही चहा घेऊन बसताच.

सिमरोलवाली :

तुच्छ नाही हो लेखत. पण सिरपूरला मी पाहिलंय, लोक दुर्बीण लावतात, नाव पुकारतात, खूण करतात आणि पुढच्याकडे वळतात. त्या बदकाने पुढे काय केलं ते बघायला कुणी थांबत नाही. माझी तक्रार तेवढीच.

नोंदीचं मात्र पटलं. भाचा आला की ते अॅप फोनवर घालून घेते.

बडोद्याची सून :

माहेर इंदूर (लोकमान्य नगर), सासर बडोदे. काकू, डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं.

आमच्याकडे शहरापासून तासाभरावर डभोईजवळ वढवाणा तलाव आहे, गायकवाडांच्या काळात पाटबंधाऱ्यासाठी बांधलेला. थंडीत तिथे बदकांची आणि राजहंसांची गर्दी, २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. पण मला तुमच्यासारखंच घरामागचं आवडतं. भोरड्यांचे थवे ऑगस्टअखेरपासून दिसायला लागतात, मध्य आशियातून. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडावर उतरण्याआधी आकाशात नुसता धूर फिरल्यासारखा थवा वळतो. फाल्गुनात सावरीच्या आणि पांगाऱ्याच्या फुलांत तोंडं खुपसून बसलेल्या असतात, डोक्याला पराग लागलेला.

दोन गोष्टी सांगते. एक, आमच्याकडे उत्तरायणाला पतंगाच्या दोऱ्याने किती पक्षी कापले जातात ते बघवत नाही. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो मिळतो. त्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी, पक्षी ये-जा करतात त्या वेळेला, पतंग उडवू नये एवढं तरी मुलांना सांगावं. दोन, इंदूरकरांनो, उरलेली सेव पक्ष्यांना टाकणं बंद करा! माहेरी दर वेळी हे बघते. मीठ आणि तेल, त्यांच्या काय कामाचं?

तुकोगंजचा भिया :

सेव उरते कुणाकडे?

शेतवाला महू :

मी महूकडचा, वडिलोपार्जित शेती. मराठी थोडी हिंदीमिश्रित आहे, समजून घ्या.

तुम्ही अंगणात बघता, आम्ही ट्रॅक्टरवरून बघतो. नांगरट सुरू झाली की बगळे, साळुंक्या, कोतवाल मागे लागतात, उपसलेल्या मातीतल्या किड्यांसाठी. टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते, बहुतेक चार, मातीच्याच रंगाची, भोवती खड्यांची रिंगण. ट्रॅक्टर जवळ आला की ती पंख पसरून अशी समोर उभी राहते की ब्रेक मारावाच लागतो. आमचा ड्रायव्हर तिथे काठी रोवतो आणि वळसा घालून जातो. मेच्या उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते, थंडावा द्यायला. पिल्लं बाहेर आल्यावर थोड्याच वेळात पळायला लागतात, घरट्यात बसून भरवणं वगैरे नाही.

गावात म्हातारी माणसं अजून विचारतात, टिटोडीने अंडी उंचावर घातलीत की सखलात? उंचावर असतील तर पाऊस जोरदार. मी हवामान खात्याचंही बघतो. दोन्ही ऐकून पेरणी करतो.

आता कडू बोलतो. लहानपणी आमच्या माळावर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आज कुत्री असतात. गुरांना सूज-वेदनेवर डायक्लोफिनॅक टोचायचे, ते जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी. २००६ ला गुरांसाठी ते बंद झालं, २०२३ ला अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही. मेलॉक्सिकॅम चालतं, गिधाडांना अपाय नाही. ज्यांच्याकडे गाय-म्हैस आहे त्यांनी डॉक्टरांना तेच मागावं. सोयाबीनवरच्या फवारण्यांचंही तसंच. अळी मेली, म्हणजे सातभाईंचा नाश्ता मेला. आम्ही बांधावरचं गवत आणि बोरी ठेवतो, तिथे फवारत नाही. माळव्यात बांध साफ करायचं फॅड आलंय, त्यात तित्तिर, मुनिया, सुगरण सगळ्यांची घरं जातात.

सिमरोलवाली :

@शेतवाला, तुमचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा वजनदार झालाय. भिजल्या पोटाने अंड्यांवर बसणारी टिटवी मला बघायचीय. मे महिन्यात तुमच्याकडे आले तर चालेल का?

शेतवाला महू :

कधीही या. सकाळी सातच्या आत. दुपारी आम्हीच सावलीत असतो.

प्रश्न फार :

१. दाणे काय ठेवायचे?
२. दुर्बीण कोणती?
३. नाव ओळखायला सोपा उपाय?
४. मांजर आहे घरात. काय करू?

सिमरोलवाली :

दाण्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मी ठेवत नाही. आजूबाजूला झाड, पाला, गवताचं बी असेल तर गरज नसते. शहरात ज्वारी-बाजरीचे ढीग टाकले की कबुतरंच माजतात, बाकीचे पळतात, आणि कबुतरांच्या विष्ठा-पिसांच्या धुळीने माणसांच्या फुप्फुसांना आजार होतो तो वेगळाच. ठेवायचेच तर मूठभर राळे किंवा बाजरी, जागा रोज झाडून.

पाणी मात्र ठेवा. उन्हाळ्यात इंदुरात ठिकठिकाणी सकोरे वाटतात, तो पसरट मातीचा सकोरा उत्तम. खोली दोन बोटं, मधे एक खरबरीत दगड, म्हणजे शिंजीर-शिंप्यासारख्या चिमुकल्यांना पाय टेकता येतो. एका बाजूला झुडूप असावं, पण अगदी चिकटून नको, मांजर दबा धरते. पाणी रोज बदला, आत हिरवं शेवाळ धरलं की घासा. रोज बदललं तर डासांचाही प्रश्न नाही. माझ्या सकोऱ्यावर बुलबुल आंघोळ करतो तेव्हा रांग लागते. तो उठतच नाही.

मांजराचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे. विणीच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात, सकाळ-संध्याकाळ ते घरात ठेवा.

दुर्बीण आणि नावाचं यादीवाले सांगतील.

यादीवाला :

८ × ४२ घ्या. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट घेतली तर हात हलला की पक्षीही हलतो, आणि परसात तेवढी लागतही नाही. घेण्याआधी हातात धरून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट.

नावासाठी मर्लिन अॅप फुकट आहे, कॉर्नेल विद्यापीठाचं. भारतातल्या पक्ष्यांचा संच फोनवर एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतं. फोन धरला की आवाजावरून नाव सांगतं. पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. कोतवाल दुसऱ्यांच्या नकला करतो, शिक्र्याचीसुद्धा. अॅप म्हणेल शिक्रा, तारेवर बसलेला असेल कोतवाल. आवाज आला की आधी मान वळवा, फोन नंतर.

ताई, एक विचारतो. फेब्रुवारीच्या गणनेला तुमच्या पडवीत बसता येईल का? आम्ही दोघं-तिघं येऊ. दुर्बिणी आमच्या.

बडोद्याची सून :

तेव्हा मी माहेरी असेन. मलाही धरा.

तुकोगंजचा भिया :

जिलेबी माझ्याकडून. घरट्याची बातमी : दोन अंडी आहेत. आईने आरशात बघून मोजली, काठीला छोटा आरसा बांधून. कपडे आता गच्चीत वाळतात.

सिमरोलवाली :

@भिया, आरसा आता ठेवून द्या. एकदा बघितलं पुरे.

फेब्रुवारीचं नक्की. अटी ऐका. गाडी कुंपणाबाहेर लावायची, पाल्यावरून चालायचं नाही. भडक कपडे नकोत. सातभाई कुणी मोजायचे ते आधी ठरवून या, कारण ते एका जागी कधीच थांबत नाहीत आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येणार. पंधरा मिनिटं तुमच्या गणनेची. त्यानंतर ह्यांच्या हातचा चहा होईपर्यंत कुणी नोंदवही उघडायची नाही, नुसतं बघायचं. हरियालांची खात्री देत नाही, ते उंबरावर अवलंबून आहे. पिंगळे ढोलीत असतील.

सिमरोलच्या पुढचा रस्ता व्यक्तिगत निरोपात कळवते.